बहुध्रुवीय जग आणि मराठवाडा

बहुध्रुवीय जग म्हणजे एका-दोन महासत्तांच्या इशाऱ्यावर न चालता अनेक सत्ताकेंद्रांच्या ओढाताणीतून चालणारी जागतिक व्यवस्था. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यावर काही काळ अमेरिकेचा शब्द अखेरचा होता. आज चीन, युरोपीय संघ, रशिया, भारत, आखाती देश आणि ब्राझील आपापले हिशेब मांडतात. त्यामुळे व्यापारात केवळ स्वस्त-महाग पाहून भागत नाही. पैसे कोणत्या चलनात चुकते होणार आणि उद्या कोण निर्यात रोखणार, हेही पाहावे लागते.

समुद्रापासून दूर असलेल्या मराठवाड्याला हा व्यवहार अपरिचित नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, यांचा उल्लेख आहे. तिथला माल गाड्यांवर लादून गुजरातेतल्या भडोच बंदराला जाई. निजामाच्या राजवटीत इथला व्यापारी निजामाचा ‘हाली’ आणि इंग्रजांचा ‘कळदार’ अशा दोन रुपयांत हिशेब ठेवी.

आजचे बहुध्रुवीय जग मराठवाड्यात सर्वांत आधी दिसते ते मोंढ्यावर, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजारात. लातूर ही सोयाबीनची देशातील एक प्रमुख बाजारपेठ. सोयाबीनमध्ये तेल साधारण अठरा टक्केच. उरते ती बहुतांश पेंड, म्हणजे कोंबड्या-जनावरांचे खाद्य, आणि भाव पुष्कळसा या पेंडेवर ठरतो. तेलाची बाजू परदेशाच्या हाती आहे, कारण भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो: पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनमधून. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटले आणि एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली, तेव्हा त्याची धग लातूरजवळच्या औशाच्या किराणा दुकानापर्यंत पोहोचली.

पेंडेचे उदाहरण अधिक बोलके आहे. इराणकडून घेतलेल्या कच्च्या तेलाचे पैसे भारत रुपयांत एका बँक खात्यात जमा करी आणि इराण त्याच रुपयांतून भारतीय माल घेई. अमेरिकी निर्बंधांच्या काळात तो सोयापेंडेचा मोठा गिऱ्हाईक झाला. मे २०१९ मध्ये अमेरिकेने भारताला निर्बंधांतून दिलेली सवलत काढून घेतल्यावर भारताने इराणी तेल घेणे थांबवले आणि खात्यातली रुपयांची आवक बंद झाली. गिऱ्हाईक होते, माल होता, पैसे येण्याची वाट तेवढी आटली. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय व्यवहार रुपयांत चुकते करण्याची व्यापक व्यवस्था आणली. पण समोरच्या देशाकडून आपण घेण्याजोगे काही असेल तरच अशी व्यवस्था टिकते.

उद्योगांचे जुळवून घेणे तुलनेने सोपे गेले आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील ‘ऑरिक’ ही वसाहत उभी राहिली. तिथे दक्षिण कोरियाच्या ह्योसंगचा स्पॅन्डेक्स धाग्याचा कारखाना आहे; बिडकीनसाठी टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. जवळच्याच वाळूजच्या एन्ड्युरन्स या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचे कारखाने इटली आणि जर्मनीतही आहेत. लातूरच्या रेल्वे डबे कारखान्यात वंदे भारत शयनयान गाड्या बांधण्याचा करार २०२३ मध्ये रशियन भागीदारी असलेल्या कंपनीशी झाला, तोही रशियावर पाश्चात्त्य निर्बंध असताना. एकाच देशावर विसंबायचे नाही, हे धोरण इथे कागदावरून प्रत्यक्षात उतरलेले दिसते. मात्र निर्बंधांच्या छायेतल्या करारात सुट्या भागांचा दुसरा स्रोत आधीच पाहून ठेवणे हा खरा शहाणपणा.

सरकारचे जुळवून घेणे मात्र शेतकऱ्याला महाग पडते. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेले होते. कुक्कुटपालन उद्योगाच्या मागणीवरून केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. नवा माल येईपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास आला. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील आयातशुल्क उपकरांसह २७.५ टक्के झाले आणि मे २०२५ मध्ये ते १६.५ टक्क्यांवर आणले. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले, तेव्हा कापड उद्योगाला दिलासा म्हणून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ झाले. वर्षअखेरपर्यंत ही माफी चालली, म्हणजे परभणी-जालन्याचा कापूस बाजारात येण्याच्या नेमक्या दिवसांत. शहरी ग्राहक आणि गिरण्या सांभाळणे गैर नाही. पण असे धक्के बहुधा पेरणी झाल्यानंतर शेतावर ढकलले जातात. शुल्काचे धोरण किमान एका हंगामापुरते पेरणीआधी जाहीर व्हायला हवे.

हमीभावाची खरेदी हा त्यावरचा उतारा मानला जातो. २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यावरचा भाव त्याच्या बराच खाली. खरेदी केंद्रावर मालातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा लागे. पावसात काढलेले सोयाबीन त्या मापात बसत नव्हते. नोव्हेंबरमध्ये ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आली. तोवर दिवाळी होऊन गेली होती, आणि सणासाठी व उधारी फेडण्यासाठी ज्यांना पैसा लागला त्यांचा माल आडतीवर विकला गेला होता.