स्मार्ट शहर

पाणी, वाहतूक, वीज, कचरा या नागरी सेवांची स्थिती संवेदकांनी (सेन्सरनी) सतत मोजून त्या मोजमापांवर रोजचा कारभार चालवणारे शहर, ते स्मार्ट शहर. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालानुसार १९५० मध्ये जगातील ३० टक्के लोक शहरांत राहत होते. २०१८ मध्ये हे प्रमाण ५५ टक्के झाले आणि २०५० पर्यंत ते ६८ टक्के होईल असा अंदाज आहे. भरवस्तीत रस्ते रुंद करायला किंवा नव्या जलवाहिन्या टाकायला जागा उरत नाही. त्यामुळे आहे त्याच जाळ्यातून अधिक काम काढून घेणे, हा या तंत्रज्ञानाचा खरा उपयोग होय.

अशा व्यवस्थेत संवेदक, संदेशवहन, नकाशाशी जोडलेल्या नोंदी आणि नियंत्रण कक्ष असतात. पाचवा भाग म्हणजे सूचना मिळताच जागेवर पोहोचणारे दुरुस्ती पथक. आराखड्यांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो, पण यशापयश त्याच्यावरच ठरते.

पाणीपुरवठा. या तंत्राचा फायदा सर्वांत स्पष्ट दिसतो तो गळती शोधण्यात. जाळ्याचे साधारण ५०० ते ३,००० नळजोडण्यांचे विभाग पाडतात. सीमेवरचे व्हॉल्व्ह बंद करून प्रत्येक विभागाला शक्यतो एकाच वाटेने पाणी देतात आणि त्या वाटेवर प्रवाहमापक व दाबमापक बसवतात. सीमा खरोखर बंद आहे का, हे तपासण्यासाठी आतला पुरवठा थोडा वेळ तोडतात. दाब शून्यावर आला नाही, तर कुठला तरी व्हॉल्व्ह पूर्ण बसलेला नाही किंवा नकाशात नसलेली जोडणी आहे. ही चाचणी टाळली की पुढचे सगळे आकडे फसवे निघतात.

त्यानंतर रात्री २ ते ४ दरम्यानचा प्रवाह पाहतात. त्या वेळी घरगुती वापर सर्वांत कमी असतो. रुग्णालये, रात्रपाळीचे कारखाने यांचा रास्त वापर वजा केल्यावर उरते ती मुख्यतः गळती. मात्र ठरावीक तासच पाणी येणाऱ्या शहरात ही रीत चालत नाही. पाणी सुटताच घरोघरच्या टाक्या भरू लागतात आणि वाहिनीतली हवा मीटर फिरवते.

गळतीची नेमकी जागा आवाजावरून सापडते. वाहिनीवर दोन ठिकाणी ध्वनिसंवेदक लावून आवाज पोहोचण्यातला वेळेचा फरक मोजतात. संवेदकांतील अंतर १०० मीटर, ध्वनीचा वेग सेकंदाला १,२०० मीटर आणि फरक ०.०५ सेकंद असेल, तर गळती जवळच्या संवेदकापासून २० मीटरवर असते. हा वेग बिडाच्या वाहिनीचा झाला. प्लास्टिकच्या वाहिनीत तो बराच कमी असतो आणि आवाजही लवकर विरतो, म्हणून संवेदक जवळजवळ लावावे लागतात. नोंदवहीत वाहिनीचा प्रकार चुकीचा असेल, तर खड्डा भलत्याच जागी खणला जातो.

रात्री दाब कमी करणे हा यातल्या स्वस्त उपायांपैकी एक आहे, कारण दाबाबरोबर गळतीही घटते. कंबोडियातील नॉम पेन्ह शहरात १९९३ मध्ये ७२ टक्के पाणी बेहिशेबी जात होते. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेचे प्रमुख ‘एक सोन चान’ यांच्या नेतृत्वाखाली २००८ पर्यंत हे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर आले. प्रत्येक जोडणीला मीटर, विभागवार मोजणी, अनधिकृत जोडण्यांवर कारवाई आणि चोवीस तास दुरुस्ती पथके, असे ते काम होते. उपकरणांइतकीच प्रशासनाची शिस्त त्यामागे होती.

वाहतूक. चौकात रस्त्याच्या पृष्ठभागात खाच पाडून तारेचे वेटोळे पुरतात. वर वाहनाचा धातू आला की वेटोळ्याचे प्रेरकत्व (इंडक्टन्स हा विद्युत गुणधर्म) बदलते आणि वाहन मोजले जाते. त्यावरून सिग्नलचे पूर्ण चक्र, प्रत्येक दिशेचा हिरवा वेळ आणि लागोपाठच्या चौकांतील वेळेचा मेळ बदलत राहतो. सिडनीत विकसित झालेली स्कॅट्स प्रणाली मुख्यतः थांबरेषेजवळ वाहने मोजते, तर ब्रिटनमधली स्कूट प्रणाली चौकाच्या बरेच आधी, वाहने तिथे पोहोचण्यापूर्वी. रस्ता खोदला किंवा नव्याने डांबरीकरण झाले की ही वेटोळी तुटतात आणि सिग्नल गुपचूप ठरावीक वेळापत्रकावर परततो. म्हणून बंद वेटोळ्यांची यादी रोज पाहावी लागते. चौकाच्या क्षमतेपेक्षा वाहने जास्त झाली, तर वेळ कितीही हुशारीने वाटला तरी रांग वाढतच जाते.

कचरापेट्यांतील पातळीमापक आणि गरजेनुसार मंदावणारे पथदिवे तुलनेने सोपे आहेत. हवेचे स्वस्त कणमापक मात्र जपून वापरावेत. ते विखुरलेल्या प्रकाशावरून कण मोजतात, त्यामुळे दमट हवेत फुगलेले कण आकडा वाढवतात. प्रमाणित केंद्राशेजारी काही आठवडे ठेवून ते जुळवून घ्यावे लागतात, आणि पुढेही ठरावीक काळाने ही जुळणी पुन्हा करावी लागते.

नियंत्रण कक्ष आणि माहितीची मालकी. रिओ दी जानेरोमध्ये एप्रिल २०१० मधील पूर आणि दरडींनंतर त्याच वर्षाच्या अखेरीस सर्व विभागांना एका छताखाली आणणारे केंद्र सुरू झाले. भारताच्या स्मार्ट सिटी मिशननेही, जे २५ जून २०१५ रोजी सुरू झाले, निवडलेल्या १०० शहरांत अशी केंद्रे उभारली. कॅनडातील टोरंटोच्या किनाऱ्यावर साइडवॉक लॅब्ज या गूगलच्या भगिनी कंपनीने २०१७ मध्ये मांडलेला प्रकल्प मे २०२० मध्ये सोडून दिला. त्यासाठी कंपनीने आर्थिक अनिश्चिततेचे कारण दिले. पण त्याआधीच सार्वजनिक जागेत गोळा होणारी माहिती कोणाची, यावरून तिथे मोठा वाद झाला होता. हा प्रश्न निविदा काढण्यापूर्वीच सोडवावा लागतो: माहिती कोणाच्या मालकीची, किती दिवस ठेवायची, आणि पुरवठादार बदलला तर ती खुल्या स्वरूपात परत मिळेल का.