मातीचे कोर्ट

मातीचे कोर्ट : टेनिसच्या मैदानाचा एक प्रकार. इंग्रजी ‘क्ले कोर्ट’ या संज्ञेवरून मराठीत रूढ झालेले नाव. हिरवळीचे (ग्रास) आणि कठीण (हार्ड) कोर्ट हे दुसरे दोन मुख्य प्रकार. मोजमापे तिन्हींची एकच : लांबी २३.७७ मी., रुंदी एकेरीसाठी ८.२३ मी. व दुहेरीसाठी १०.९७ मी. चार मोठ्या (ग्रँड स्लॅम) स्पर्धांपैकी फ्रेंच खुली स्पर्धा तेवढी आज मातीवर होते. या पृष्ठभागावर महिला एकेरीत सर्वांत सातत्याने यश मिळवणारी खेळाडू म्हणून अमेरिकेच्या ख्रिस एव्हर्टचे नाव घेतले जाते. तिच्या कारकिर्दीचा परामर्श पुढे घेतला आहे. खेळाचे नियम व गुणपद्धती यांसाठी ‘टेनिस’ ही नोंद पाहावी.

‘माती’ या शब्दाने थोडा घोटाळा होतो. कुंभाराच्या चाकावरची चिकणमाती या कोर्टाच्या वरच्या थरात नसतेच म्हटले तरी चालेल. पॅरिसच्या कोर्टावर जो लाल रंग दिसतो तो भाजलेल्या विटांच्या पुडीचा, म्हणजे जुने गवंडी चुन्यात जी सुरखी मिसळत तिचा. फ्रेंचांचे नाव त्या मानाने नेमके आहे : ‘तेर बात्यू’, ठोकून बसवलेली जमीन. खान्देशात हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. पावसाळ्याच्या तोंडावर धाब्यावर (मातीच्या सपाट छतावर) खारी (पांढरट खारट माती) पसरून ती चोपणे आणि दादरीच्या (रब्बी ज्वारीच्या) मळणीआधी खळे (अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होऊन ‘खयं’) धुमसून, शेणाने सारवून तयार करणे, ही दोन्ही कामे ‘तेर बात्यू’च आहेत. खळ्याच्या मधोमध तिवडा (बैल ज्याभोवती फिरतात तो खांब) असतो, कोर्टाच्या मधोमध जाळे. पाणी मारणे, ठोकणे, रूळ फिरवणे, झाडणे आणि पुन्हा पाणी मारणे हा क्रम मात्र दोन्हीकडे सारखाच.

उगम : मातीच्या कोर्टाचे जनकत्व सहसा विल्यम व अर्नेस्ट रेनशॉ या जुळ्या इंग्रज भावांना दिले जाते. प्रचलित कथा अशी : फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कान येथे हे भाऊ हिवाळ्यात खेळत व शिकवत. तिथल्या उन्हाने हिरवळ करपू लागली, तेव्हा त्यांनी जवळच्या व्हालोरिस या कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावातून फुटक्या भांड्यांची पूड आणून कोर्टावर पसरली. काळ १८८० च्या सुमाराचा सांगतात. कथा सुटसुटीत आहे आणि बहुतेक संदर्भग्रंथांत ती जशीच्या तशी उतरली आहे. तरी काही गोष्टी खटकतात. विल्यमचे विंबल्डनमधील पहिले विजेतेपद १८८१ चे. पुढे त्याने तिथे एकूण सात एकेरी विजेतेपदे मिळवली. म्हणजे १८८० साली तो अजून नामांकित झालेला नव्हता. प्रसिद्ध माणसाच्या नावावर एखादी युक्ती मागाहून चढणे हे कोशकारांना नवे नाही. दुसरे, वॉल्टर विंगफील्डने लॉन टेनिसचे एकस्व (पेटंट) घेतले ते १८७४ मध्ये. त्यानंतर खेळ पाहता पाहता वसाहतींत पोचला आणि जिथे गवत तगत नव्हते तिथे लोक ठोकलेल्या जमिनीवर खेळू लागले असणे स्वाभाविक आहे. दक्षिण भारतात शेणाने सारवलेली टेनिस कोर्टे असत; त्यांना व्हालोरिसच्या कुंभाराची गरज लागली नव्हती. तिसरा पुरावा भाषेचा. फ्रेंच नावात वीट नाही, खापर नाही. फक्त ‘ठोकलेली जमीन’ आहे. यावरून धुमसलेली जमीन आधीची व तिच्यावरची लाल पूड नंतरची, असे मानण्याकडे प्रस्तुत नोंदीचा कल आहे. ओल धरणारी, पटकन वाळणारी आणि चेंडू उठून दिसेल अशा रंगाची पूड वापरण्याचे श्रेय रेनशॉ बंधूंना द्यायला हरकत नाही. कोर्टाचे जनकत्व देताना हात आखडता घ्यावा.

रचना : फ्रेंच खुली स्पर्धा जिथे होते त्या पॅरिसच्या रोलाँ गारो मैदानावरील (स्थापना १९२८) कोर्ट खालून वर सुमारे ८० सेंमी. खोल बांधलेले असते. तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर कोळशाच्या जळक्या खंगराचा थर, त्यावर दाबून बसवलेली पांढरी चुनखडी आणि सर्वांत वर सुरखी. या सुरखीची जाडी जेमतेम १ ते २ मिमी. असते. चेंडू खरा उसळतो तो चुनखडीवरून. लाल पूड घर्षण वाढवते, घसरू देते आणि खूण उमटवते. पाणी कमी पडले तर पूड उडून जाते, जास्त झाले तर कोर्ट जड होते. म्हणून या कोर्टाला राखणारा माणूस लागतो. सिमेंटच्या कोर्टाला झाडूवाला पुरतो.

अमेरिकेतील मातीचे कोर्ट हिरवट-करडे असते. ‘हार-ट्रू’ या व्यापारी नावाने ओळखली जाणारी ही पूड व्हर्जिनियातील रूपांतरित बेसाल्ट दळून तयार करतात. बेसाल्ट हा खान्देशाचाही पायाचा दगड. सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत जिथे खणावे तिथे तोच काळा पाषाण लागतो. मात्र इथला बेसाल्ट दळला जात नाही, तो झिजतो. त्याचा अर्धवट कुजलेला थर म्हणजे मुरूम आणि पुरता कुजून झालेली माती म्हणजे काळी. काळीवर कोर्ट होत नाही. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाण्याने फुगते व उन्हाने आकसते. एप्रिल-मेमध्ये हाताचा पंजा जाईल अशा भेगा पडतात. कपाशीला ही स्वतःच स्वतःची नांगरट करणारी जमीन मानवते, चेंडूला नाही. त्यामुळे इकडे मैदान करायचे तर वरची काळी काढून मुरूम भरावा लागतो, त्यावर पाणी मारून रूळ फिरवावा लागतो. रेषा फक्कीने मारतात. दुपारचा वारा सुटला की त्या पुसट होतात आणि चेंडू आत की बाहेर यावरून हुज्जत सुरू होते. खेळ संपल्यावर कोर्टावरून जाळी ओढण्याची युरोपीय पद्धत आहे; तिथे इकडे भिजवलेले गोणपाट ओढले जाते, आणि काम तेवढेच चांगले होते.

चेंडूचे वर्तन : सैल कणांमुळे टप्प्याच्या क्षणी घर्षण वाढते. चेंडूचा पुढे जाण्याचा वेग कमी होतो व तो जास्त उभ्या कोनात वर येतो. हिरवळीवर जो फटका थेट गुण मिळवून देतो, तोच इथे परत येतो. दोन-तीन फटक्यांत संपणारी चढाओढ पंधरा-वीस फटक्यांवर जाते. धावून थांबण्याऐवजी खेळाडू घसरत चेंडूपर्यंत पोचतो आणि घसरता घसरताच फटका मारतो. ही घसरण लहानपणी अंगवळणी पडली नाही तर पुढे अवघड जाते, असे प्रशिक्षक सांगतात. मातीवर चेंडूला वरून फिरकी (टॉपस्पिन) देणाराच जिंकतो हे मत मात्र सरसकट खरे नाही. पुढील उदाहरण त्याला छेद देते.

ख्रिस एव्हर्ट : जन्म २१ डिसेंबर १९५४, फोर्ट लॉडरडेल, फ्लॉरिडा. वडील जिमी एव्हर्ट गावातल्या सार्वजनिक मैदानावर प्रशिक्षक होते आणि त्या मैदानावरची कोर्टे मातीची होती. लहान वयात एका हाताने बॅकहँड मारण्याइतके बळ नसल्याने तिने दोन्ही हातांनी रॅकेट धरली. ती पकड कायम राहिली आणि पुढच्या पिढीतल्या मुलींनी ती उचलली. तिचे फटके सपाट, खोल आणि रेषेच्या जवळ पडणारे. जाळ्याकडे ती क्वचितच जाई.

१९७० मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिने शार्लट येथील एका छोट्या स्पर्धेत मार्गारेट कोर्ट या ऑस्ट्रेलियन खेळाडूला हरवले. मार्गारेटने त्याच महिन्यात चारही मोठ्या स्पर्धा एका वर्षात जिंकण्याचा पराक्रम पुरा केला होता. पुढच्या वर्षी एव्हर्ट अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचली आणि बिली जीन किंगकडून हरली. १९७४ मध्ये फ्रेंच आणि विंबल्डन ही दोन्ही विजेतेपदे तिने पाठोपाठ घेतली. तेव्हापासून १९८६ पर्यंत सलग तेरा वर्षे, दर वर्षी किमान एक मोठी स्पर्धा तिच्या नावावर आहे. एकूण १८ : फ्रेंच सात, अमेरिकन सहा, विंबल्डन तीन, ऑस्ट्रेलियन दोन.

तिची खरी ओळख एका आकड्याची आहे. ऑगस्ट १९७३ ते मे १९७९ या काळात ती मातीवर सलग १२५ सामने जिंकली. ही साखळी १२ मे १९७९ रोजी रोममध्ये तुटली. इटालियन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात सोळा वर्षांच्या ट्रेसी ऑस्टिनने तिला ६–४, २–६, ७–६ असे हरवले. त्यानंतर पुन्हा ७२ विजयांची माळ लागली, ती १९८१ च्या फ्रेंच उपांत्य फेरीत हाना मांडलिकोव्हाने तोडली. कारकिर्दीतील एकूण विजेतेपदांचा आकडा कुठे १५४ तर कुठे १५७ असा आढळतो. कोणत्या स्पर्धा जमेस धरायच्या यावर हा फरक पडतो. अलीकडच्या याद्यांत १५७ हा आकडा स्थिरावलेला दिसतो. विजयाचे प्रमाण दोन्ही मोजणींत नव्वद टक्क्यांच्या आसपास येते.

या हिशेबात एक फट आहे व तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. १९७६, १९७७ आणि १९७८ या तीन वर्षी, म्हणजे मातीवर ती अजिंक्य असताना, एव्हर्ट फ्रेंच स्पर्धा खेळलीच नाही. त्या मोसमात ती अमेरिकेतील सांघिक टेनिस लीगशी बांधलेली होती. तिच्या सात फ्रेंच विजेतेपदांची (१९७४, १९७५, १९७९, १९८०, १९८३, १९८५, १९८६) तुलना इतरांशी करताना हे ध्यानात ठेवावे. उलट बाजूही सांगायला हवी. अमेरिकन खुली स्पर्धा १९७५ ते १९७७ अशी तीनच वर्षे फॉरेस्ट हिल्सच्या हिरव्या मातीवर झाली, आणि तिन्ही वर्षी तीच जिंकली. १९७८ मध्ये स्पर्धा कठीण कोर्टावर गेली. तिथेही पहिल्या वर्षी तीच विजेती ठरली, त्यामुळे ‘मातीपुरती खेळाडू’ हा आक्षेप टिकत नाही.

मार्टिना नवरातिलोव्हाविरुद्ध ती ८० सामने खेळली. त्यांपैकी ४३ मार्टिनाने जिंकले, ३७ एव्हर्टने. १९८४ च्या फ्रेंच अंतिम सामन्यात मार्टिनाने तिला ६–३, ६–१ असे सहज हरवले होते. वर्षभराने त्याच कोर्टावर एव्हर्टने ६–३, ६–७, ७–५ अशी परतफेड केली, आणि १९८६ मध्ये पहिला सेट २–६ असा गमावूनही पुढचे दोन ६–३, ६–३ घेतले. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. १९८९ मध्ये ती निवृत्त झाली.

इतर : एव्हर्टपूर्वी सुझान लाँग्लेन (१९२० चे दशक) आणि नंतर श्टेफी ग्राफ यांची फ्रेंच स्पर्धेत प्रत्येकी सहा एकेरी विजेतेपदे आहेत. १९८८ च्या अंतिम सामन्यात ग्राफने नताशा झ्वेरेवाला ६–०, ६–० असे हरवले. भारतीय महिलांत सानिया मिर्झाने २०१२ मध्ये महेश भूपतीसह फ्रेंच मिश्र दुहेरी जिंकली. विंबल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला लीला राव (१९३४). ते यश हिरवळीवरचे.

चेंडूची खूण : मातीवर चेंडू पडला की लंबगोल ठसा उमटतो. वाद झाल्यास पंच उंच खुर्चीवरून खाली उतरतो, वाकून ठसा पाहतो आणि रेषेला तो शिवला की नाही ते ठरवतो. इतर मोठ्या स्पर्धांनी कॅमेऱ्यांवर आधारित यंत्रणा स्वीकारल्यावरही पॅरिसने रेषापंच आणि हा ठसा बराच काळ सोडला नाही. निर्णय झाला की पंच बुटाने ठसा पुसून टाकतो, म्हणजे पुढच्या वादात जुनी खूण आडवी येत नाही.