फोल्डर नव्हे, फोल्डरचं सोंग

मागच्या आठवड्यात राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानात थांबलो होतो, पुढच्या पोराने पेनड्राइव्ह दिला, आत पिवळं फोल्डर, नाव 'प्रोजेक्ट'. दुकानदार डबल क्लिक करणार तेवढ्यात माझं लक्ष शेजारच्या रकान्याकडे गेलं, तिथं प्रकार लिहिलेला 'ॲप्लिकेशन', म्हणजे चालणारा प्रोग्राम! म्हटलं भावा थांब. तर म्हणतो, "फोल्डरच हाय की, चिन्ह दिसतंय न्हवं?"

चिन्हाचं काय घेऊन बसलाय. विंडोजमधल्या असल्या प्रोग्रामची फाइल, म्हणजे ईएक्सई, आपलं चिन्ह स्वतःच्या पोटात घेऊन फिरते, बनवणारा त्यात फोल्डरचं चित्र घालतो. आणि विंडोज 95 पासून ओळखीच्या फाइलींची एक्सटेन्शन, म्हणजे नावामागची शेपटी, मुळातच लपवलेली असते, त्यामुळे 'प्रोजेक्ट.ईएक्सई'चं नुसतं 'प्रोजेक्ट' दिसतं. खरं फोल्डर व्हायरसने हिडन केलेलं असतं, आणि क्लिक केल्यावर तो तेही उघडून दाखवतो, मग शंका यायची कुणाला? मे 2000 मधला 'आय लव्ह यू' व्हायरस याच फटीतून घुसला, दिसायची साध्या मजकुराची टीएक्सटी ही शेपटी आणि तिच्यामागची खरी, चालणाऱ्या स्क्रिप्टची व्हीबीएस गायब.

आता मला आवडणारी गंमत. शेपटी बदलता येते, पण फाइलच्या पहिल्या दोन-चार बाइट तिची जात सांगतात. ती फाइल आम्ही नोटपॅडमध्ये ओढली (यात प्रोग्राम चालत नाही, नुसता वाचला जातो), खाली सगळा चिवडा, पण पहिली दोन अक्षरं 'एमझेड'. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळातल्या मार्क झ्बिकोव्स्की या इंजिनियरची ही आद्याक्षरं, आजही प्रत्येक ईएक्सईच्या कपाळावर. झिपची, म्हणजे फाइली दाबून बांधलेल्या गाठोड्याची, सुरुवात 'पीके', हा प्रकार काढणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसवणारी, ती पण आतून झिपच, तिथंही 'पीके'च.

विंडोजने मेमरीचे तुकडे, डिस्कवरचे ब्लॉक असली आतली यंत्रणा खुशाल लपवावी, कुणाचं काही अडत नाही. पण समोरचं कागद आहे का चालणारा प्रोग्राम एवढं तरी दिसायला नको? त्या दुकानात मॉनिटरवर लिंबू-मिरची मात्र टांगलेली होती, व्हायरस लागू नये म्हणून!

मी व्ह्यू, शो, फाइल नेम एक्सटेन्शन्स अशी टिक करून दिली. परवा गेलो तर परत काढलेली. म्हणे, "गिऱ्हाईक नाव बदलताना शेपटीच खोडतंय, मग फाइल उघडंना, आणि भांडतंय माझ्याशी."