सगळे फोन एकाच वेळी का खणखणतात?

२०१९ च्या मे महिन्यात अथणी-चिकोडीकडे कृष्णेचे पात्र कोरडे पडले होते. कोयनेतून पाणी सोडा, म्हणून कर्नाटकाने महाराष्ट्राकडे धोशा लावला होता. त्यानंतर अडीच-तीन महिन्यांत, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, त्याच कृष्णेवरच्या आलमट्टी धरणातून पाच लाख क्युसेकहून जास्त पाणी खाली सोडावे लागत होते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर. हिशेब करा: सेकंदाला एक कोटी चाळीस लाख लिटर. त्याच आठवड्यात घटप्रभा गोकाकच्या लोळसूर पुलावर चढली, मलप्रभा रामदुर्गात शिरली, कोल्हापूरजवळ महामार्ग बंद पडला आणि बेळगाव शहरात बळ्ळारी नाला शहापूर-वडगावच्या शिवारात पसरला. गल्लोगल्लीच्या जुन्या मातीच्या भिंती ढासळू लागल्या.

‘दुष्काळात तेरावा महिना’ म्हणून आपण अशा गोष्टी नशिबाच्या खात्यावर टाकतो. नशिबाचा वाटा यात असेलही, पण बराचसा हिशेब कागदावर मांडता येतो.

आधी शक्यतेचे गणित. समजा, एखाद्या शहरात मोठा पूर दहा वर्षांतून एकदा येतो आणि मोठी साथ वीस वर्षांतून एकदा. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नसेल, तर दोन्ही एकाच वर्षी येण्याची शक्यता दोनशेत एक. अंदाजपत्रक करणारे मनातल्या मनात असाच गुणाकार करतात आणि दोनशेत एक म्हटल्यावर पैसे दुसऱ्या कामाला लागतात. हा गुणाकार बरोबर ठरायला एकच अट आहे: दोन घटना खरोखर एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. आपल्या बेळगाव जिल्ह्यात त्या तशा नसतात.

नकाशा समोर घ्या. कृष्णा आणि कोयना महाबळेश्वरातून निघतात, दूधगंगा-वेदगंगा राधानगरी-भुदरगडच्या डोंगरांतून, हिरण्यकेशी आंबोलीहून, मलप्रभा कणकुंबीहून. उगम वेगळे, तालुके वेगळे, राज्येसुद्धा वेगळी. तरी हे सगळे सह्याद्रीच्या सुमारे अडीचशे किलोमीटरच्या एकाच पट्ट्यात बसते. अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वारा चार-सहा दिवस नेट धरून राहिला, तर पाऊस कोयनेवर पडेल आणि कणकुंबीला सोडेल असे सहसा होत नाही. धरणे एकाच सुमारास भरतात, दरवाजे एकाच सुमारास उघडतात. त्यात फुगवट्याची भर. कृष्णा तुडुंब असली की कल्लोळजवळ तिला मिळणाऱ्या दूधगंगेला उतरायला वाट राहत नाही. पाणी मागे तटते आणि सदलगा, बोरगाव, कारदग्याच्या मळ्यांत पसरते. अथणीत त्या दिवशी पाऊस नसला तरी पूर असतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे समजावून सांगताना दमछाक होते.

आता शहरात या. पाऊस झोडपू लागला की झाड पडते, झाडासोबत तारा तुटतात आणि वीज जाते. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण बेळगावचे पिण्याचे पाणी दोन जागांहून येते, मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयातून आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून, आणि दोन्हीकडे ते पंपाने उचलून शहरापर्यंत आणावे लागते. हिंडलग्याच्या उपसा केंद्रावर किंवा हिडकलकडे हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा, पुरवठा तुटला की नळ कोरडे. राकसकोप काठोकाठ भरलेला, रस्त्यावर गुडघाभर पाणी आणि घरात प्यायला घागरभर नाही, हा अनुभव बेळगावकरांना नवा नाही.

पंप बंद पडला की नुसती गैरसोय होऊन भागत नाही. नळाच्या पाइपात दाब असतो तोवर फटींतून पाणी बाहेर जाते. दाब गेला की प्रवाह उलटू शकतो: पाइपाभोवतीच्या चिखलातले, गटारातले पाणी त्याच फटींतून आत ओढले जाते. शेजारच्या हुबळी-धारवाडात शास्त्रज्ञांनी नळाच्या पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा चोवीस तास पुरवठा असलेल्या भागापेक्षा काही दिवसांच्या अंतराने पाणी येणाऱ्या भागात विष्ठेतले जिवाणू जास्त वेळा सापडले होते. बेळगावच्याही काही प्रभागांत २००८ पासून चोवीस तास पाण्याची योजना आली, बाकीचे शहर मात्र पाळीच्या पाण्यावर राहिले. म्हणजे वाऱ्याने पाडलेले एक झाड, त्यामुळे बंद पडलेला एक पंप आणि त्यातून चार-पाच दिवसांनी दवाखान्यात जुलाबाच्या रुग्णांची रांग. कागदावर ही तीन संकटे तीन खात्यांची आहेत. प्रत्यक्षात ती एकच गोष्ट आहे.

रांग म्हटली की आपण पिठाच्या गिरणीवर येतो. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात गिरणीवर डबे किती साचतात ते आठवा. गिरणी तीच, चालवणारा तोच, डबे फक्त थोडे वाढलेले. पण ‘तासाभरात या’ चे ‘उद्या सकाळी या’ होते. या ‘थोडे वाढले आणि फार साचले’ चे गणित आग्नर क्रारूप एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी काम करताना मांडायला सुरुवात केली. त्याचा पहिला निबंध १९०९ चा.

ते गणित आपल्या महापालिकेच्या आपत्ती कक्षाला लावून बघू. समजा एक पथक आहे आणि एका कामाला, म्हणजे झाड कापणे, घरातले पाणी उपसणे, म्हातारे माणूस बाहेर काढणे, सरासरी अर्धा तास लागतो. न थांबता काम केले तर पाच तासांत दहा कामे. तेवढ्या वेळात सरासरी पाच फोन आले तर पथक निम्मा वेळ मोकळे असते. फोन कधीही येतात आणि काम कधी लवकर, कधी उशिरा संपते हे धरून सरासरी वाट पाहावी लागते अर्धा तास. आठ फोन आले तर वाट पाहणे दोन तासांवर जाते. नऊ आले तर साडेचार तासांवर. आठाचे नऊ झाले, एकच फोन वाढला, आणि थांबणे दुपटीहून जास्त झाले. दहा आले तर? कागदावर रांग मग कधीच संपत नाही, वाढतच जाते.

हा तक्ता प्रत्येक नगरसेवकाच्या टेबलावर काचेखाली ठेवावा असे मला फार वाटते. ‘पथक निम्मा दिवस रिकामे बसून असते, कशाला पोसायचे?’ हा प्रश्न अंदाजपत्रकाच्या चर्चेत हमखास येतो. ते निम्मा दिवस रिकामे असते म्हणूनच तर अर्ध्या तासात पोचते. कपात करून त्याला नव्वद टक्के कामाला जुंपले, तर कोरड्या दिवसांत पैसे वाचल्याचे समाधान मिळते आणि आषाढात साडेचार तास लागतात.

या गणितात एक दिलासाही आहे. शहराच्या उत्तर भागाला एक आणि दक्षिण भागाला एक अशी दोन पथके वेगवेगळी ठेवली, दोन्हींवर ऐंशी टक्के भार असला, तर दोन्हीकडे वाट पाहणे दोन तास. तीच दोन पथके एकत्र करून जो आधी मोकळा होईल त्याने पुढचा फोन घ्यायचा असे ठरवले, तर सरासरी येते सुमारे त्रेपन्न मिनिटे. माणूस एकही वाढवला नाही. अर्थात शहर एकसंध असेल तर. आपले शहर रेल्वेमार्गाने चिरलेले आहे. पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट ही आपल्या पत्त्यांची खूण. पाणी साचून त्यातली एखादी वाट बंद पडली की एकत्र केलेली पथके पुन्हा दोन होतात. कुठला रस्ता किती पावसाला तुंबतो याची नोंद म्हणूनच पथकांच्या संख्येइतकी मोलाची.

काही कामे मात्र लगेच फोन करत नाहीत. पूर ओसरल्यावर आठ-दहा दिवसांत डेंग्यूच्या डासाची अंडी उडत्या डासापर्यंत पोचतात. लेप्टोस्पायरोसिसचा ताप चिखलात राबल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांनी येतो. पुरात अहोरात्र राबलेले आरोग्य कर्मचारी झोप काढायला घरी जातात, नेमक्या त्याच सुमारास ही दुसरी लाट दारात उभी असते. आणि सफाई कामगार, पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन, आशा कार्यकर्ती ही माणसे दोन्ही वेळा तीच असतात. त्यांना पर्यायी यादी कुठल्याच आराखड्यात ठळकपणे दिसत नाही.

जुलै २०२१ मध्ये तर लाटा आगेमागे येण्याचीही सवलत मिळाली नाही. करोनाची दुसरी लाट ओसरत होती, संपली नव्हती. २२ जुलैपासून घाटमाथ्यावर कोसळलेल्या पावसाने वेदगंगा निपाणीजवळ यमगर्णीत महामार्गावर आली. निपाणी भागातली माणसे दवाखान्यासाठी कोल्हापूरकडे बघतात; तो रस्ताच पाण्यात. इकडे पूरग्रस्तांना गंजी केंद्रांत, म्हणजे तात्पुरत्या निवाऱ्यांत, हलवायचे, आणि वर्षभर सांगितलेले, गर्दी करू नका. शाळेची एक खोली सहा मीटर बाय आठ मीटर धरली तर ४८ चौरस मीटर. मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय निकषानुसार निवाऱ्यात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा हवी. म्हणजे एका खोलीत तेरा माणसे, हजार माणसांना पंचाहत्तरच्या आसपास खोल्या. आपण एका खोलीत चाळीस माणसे कोंबण्याचा हिशेब धरून आलो होतो. पूर आणि साथ यांचे दोन वेगळे आराखडे दोन वेगळ्या फायलींत असतात, आणि दोन्हींत त्याच शाळेचे नाव लिहिलेले असते.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. १९७० च्या शरदात दक्षिण कॅलिफोर्नियात एकाच वेळी अनेक वणवे पेटले. नंतर चौकशी झाली तेव्हा माणसे-गाड्या कमी पडल्यापेक्षा वेगळेच कारण जास्त खटकले: वेगवेगळ्या दलांचे बिनतारी संच एकमेकांशी बोलत नव्हते, एकाच वस्तूला प्रत्येकाचे वेगळे नाव होते आणि हुकूम नक्की कोणाचा हे ठरलेले नव्हते. त्यातून घटना-नियंत्रणाची पद्धत जन्मली. एका ठिकाणी एकच प्रमुख, एका माणसाच्या हाताखाली साधारण पाचच माणसे, सगळ्यांची भाषा एक. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने याच धर्तीवर २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्ह्याची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. बेळगावसारख्या, २०११ च्या जनगणनेत पावणेअठ्ठेचाळीस लाख लोकवस्ती भरलेल्या जिल्ह्यात खानापूरची दरड, चिकोडीचा पूर आणि शहरातली साथ हे तिन्ही एकाच टेबलावर येतात. पाच माणसांचा नियम तिथे आधीच मोडलेला असतो.

शहराला त्या काळात आणखी एक उणीव होती. महापालिकेच्या सभागृहाची मुदत २०१९ मध्येच संपली होती आणि पुढची निवडणूक झाली ३ सप्टेंबर २०२१ ला. म्हणजे २०१९ चा महापूर, करोनाच्या दोन लाटा आणि २०२१ चा पूर या चारही प्रसंगी बेळगावात एकही निवडून आलेला नगरसेवक पदावर नव्हता. प्रशासकांनी काम केले नाही असे मी म्हणणार नाही. पण कुठल्या बोळात एकटी आजी राहते, कुठली भिंत गेल्या पावसापासून फुगली आहे, ही माहिती ५८ प्रभागांत विखुरलेली असते आणि ती वर पोचवणारी माणसे लागतात. गणेशोत्सव मंडळांच्या पोरांनी ती उणीव जमेल तशी भरून काढली. इशारा मिळाल्यावर माणूस लगेच घर सोडत नाही, आधी ओळखीच्या दोघांना विचारतो, हे आपत्तींचा अभ्यास करणाऱ्यांनी जगभर टिपले आहे. म्हणून इशारा कन्नडबरोबर मराठीतही हवा, ही मागणी राजकारणाबाहेर ठेवूनसुद्धा करता येते. वाचता न आलेल्या इशाऱ्याची खातरजमा करायला जास्त वेळ जातो, आणि तो वेळ पाणी चढण्याचा असतो.

जून २०२१ मध्ये दोन्ही राज्यांची पुराच्या प्रश्नावर बेंगळुरात बैठक झाली, धरणांचे विसर्ग एकमेकांना वेळेवर कळवण्यावर भर दिला गेला. महिन्याभरातच पूर आला आणि तो टळला नाही, हे खरे. पण विसर्गाचा आकडा वेळेवर मिळण्याचा उपयोग पूर थांबवण्यापुरता मोजू नये. राधानगरी-काळम्मावाडीचे पाणी खाली पोचायला काही तास मिळतात. तेवढ्यात हिंडलग्याच्या जनित्राला डिझेल भरून ठेवता येते. कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेवरचे कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, भोज-कारदगा हे बंधारेवजा पूल पाण्याखाली जाण्याआधी दिवस भरत आलेल्या बायकांना आणि डायलिसिसच्या रुग्णांना पलीकडे आणून ठेवता येते. आशा कार्यकर्तीच्या वहीत ही नावे आधीच असतात. पुलावरून पाणी गेल्यावर त्याच बाईसाठी रात्री बोट, पथक आणि रुग्णवाहिका असे तीन फोन जातात. आदल्या दुपारी तिला हलवायला वडापची एक गाडी पुरते, आणि आपत्ती कक्षातल्या रांगेत नऊचे आठ होतात.