डब्याची डागडुजी सुरू होते संडासापासून

रेल्वेचा जुना डबा नवा केला म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते नवं रेक्झिन, लख्ख दिवे आणि मोबाइलचे सॉकेट. कारखान्यात मात्र पहिली नजर जाते ती संडास आणि दरवाज्याजवळच्या फरशीकडे. वरचं आवरण उखडायचं आणि खालचा पत्रा ठोकून बघायचा. खणखणीत वाजला तर ठीक, भद्द वाजला तर तेवढा भाग कापून टाकायचा. बर्थ, पंखे, आरसे यांचा नंबर त्यानंतर.

आपल्याकडचे असे बहुतेक डबे आयसीएफ पद्धतीचे. चेन्नईच्या पेरांबूरला १९५५ मध्ये इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली, मूळ आराखडा स्वित्झर्लंडचा. या धाटणीचं उत्पादन तिथे २०१८ मध्ये थांबलं. डब्याचं ठरलेलं आयुष्य २५ वर्षांचं. त्यात ठरावीक काळाने पीओएच, म्हणजे संपूर्ण तपासणी आणि दुरुस्ती. मुंबईत ती माटुंगा आणि लोअर परळच्या कारखान्यांत होत आली आहे. आयुष्याच्या साधारण मध्यावर येते ती मोठी उस्तवार, एमएलआर, म्हणजे मिड-लाइफ रिहॅबिलिटेशन. त्यात डबा आतून जवळजवळ सोलूनच काढतात. त्यासाठी भोपाळच्या निशातपुऱ्यात १९८९ पासून खास कारखाना आहे.

आता तो संडास. आयसीएफ डब्याचा तळ म्हणजे पन्हळी पोलादी पत्रा. त्यावर प्लायवुड किंवा तसलेच दाबून बनवलेले तक्ते, त्यावर पीव्हीसीचं आवरण. संडासातलं पाणी, वॉश बेसिनची गळती, पावसाळ्यात दरवाज्यातून येणारे सपकारे, शिवाय काही जण हौसेने बादलीभर पाणी ओतून फरशी धुतात ते वेगळंच. हे सगळं स्क्रूच्या भोकांतून आणि सांध्यांतून खाली उतरतं. प्लायवुड ते भिजलेल्या गोधडीसारखं धरून ठेवतं आणि पन्हळीच्या खोबणीत ओल दिवसेंदिवस टिकते. लघवीतले क्षार त्यात मिसळले की पाण्यातून विद्युतभार आणखी सहज वाहतो आणि गंजाचं फावतं.

इथे एक गोष्ट आपल्या अंदाजाच्या उलट घडते. गंजायला ऑक्सिजन लागतो, तेव्हा उघडा भाग आधी गंजेल आणि झाकलेला वाचेल असं वाटतं. पण ओल्या पत्र्यावर एके ठिकाणी ऑक्सिजन भरपूर आणि दुसरीकडे तुटपुंजा असेल, तर दोन्ही मिळून एक छोटा विद्युतघट तयार होतो. या घटात लोखंड विरघळतं ते कमी ऑक्सिजनच्या, म्हणजे झाकलेल्या जागी. त्यामुळे पत्रा गंजतो तो नेमका प्लायवुडच्या खाली, जिथे कुणाला दिसत नाही. मग गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, वरच्या थराला ढकलतो, भेग रुंदावते आणि पाण्याला नवी वाट मिळते.

बऱ्याच डब्यांसाठी कॉर्टेन जातीचं पोलाद वापरलं होतं. त्यातल्या तांबं, क्रोमियम वगैरेंमुळे पृष्ठभागावर गंजाचा घट्ट थर बसतो आणि तोच पुढचा गंज रोखून धरतो. पण असा थर बसायला पत्रा अधूनमधून कोरडा व्हावा लागतो. संडासाखाली तो कोरडा होतो कधी? म्हणून दुरुस्तीत अशा ठिकाणी स्टेनलेस स्टीलचा पत्रा घालायची पद्धत आली. वर रेक्झिन कितीही झकास बसवा, हे काम नीट झालं नसेल तर माझ्या लेखी तो डबा नवा नाही.

दुसरी चिंता आगीची. गाद्यांमधला पॉलियुरेथेन फोम पेटला की कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही बाहेर पडतो, आणि माणूस ज्वाळेआधी धुरानेच कोसळतो. म्हणून नूतनीकरणात आगीला दाद न देणारा फोम, रेक्झिन आणि पडदे घेतात. त्यांची एक परीक्षा बघण्यासारखी असते. नमुन्याची पट्टी काचेच्या नळीत उभी धरायची, नळीत ऑक्सिजन आणि नायट्रोजनचं मिश्रण सोडायचं आणि पट्टी वरच्या टोकाला पेटवायची. ऑक्सिजन कमी-जास्त करत ती जेमतेम जळत राहील असं प्रमाण शोधायचं. साध्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. पट्टीला याहून बराच जास्त लागत असेल, तर हवेत ती आपणहून विझायचीच शक्यता जास्त.

मात्र आगीपासूनचं संरक्षणही कधी उलटतं. ब्रिटिश रेल्वेने १९५० आणि ६० च्या दशकांत डब्यांच्या आतल्या बाजूला निळा ॲस्बेस्टॉस फवारला होता. तो जळत नाही, उष्णता आणि आवाजही अडवतो. पुढे त्याच्या तंतूंनी कारखान्यांतल्या कामगारांना फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग झाला. तिकडे जुना डबा उघडताना आजही आधी ॲस्बेस्टॉसची खात्री करावी लागते.

जागेचं गणित बदलायला जावं तर ते प्रवाशांच्या अंगाशी येतं. २००७ च्या सुमारास आपल्याकडे स्लीपरमध्ये ‘साइड मिडल’ बर्थ घुसवला होता. ७२ चे ८१ झाले, पण साइडच्या तिघांना धड ताठ बसता येईना. ओरड झाली आणि तो काढावा लागला.

विजेचं गणित मात्र छान जमलं. बिनएसी डब्याची ११० व्होल्टची वीज येते आसाला जोडलेल्या अल्टरनेटरवरून, आणि गाडी थांबली की बॅटरीवरून. जुने बल्ब आणि ट्यूब जाऊन एलईडी आल्यावर वाचलेली वीज मोबाइल चार्जिंगच्या कामी आली.

करोनाच्या साथीत पाच हजारांहून अधिक जुने डबे विलगीकरणासाठी बदलले गेले. मधला बर्थ काढला, एका संडासाची न्हाणी केली. २०२१ मध्ये नंदुरबार स्थानकात असे डबे प्रत्यक्ष वापरात आले. एरवी वयोवृद्ध डब्यांच्या खिडक्या बंद करतात, बाकं उपटतात आणि टोकाला रुंद दारं बसवतात. मग त्यांतून नव्या मोटारी जातात.

आता रुळांवर वाढताहेत ते जर्मन आराखड्याचे एलएचबी डबे. त्यांच्या सांगाड्यात स्टेनलेस स्टील भरपूर आहे, त्यामुळे त्यांच्या आयुष्याचा मध्य येईल तेव्हा कापाकापी कमी असेल. खर्च जास्त होईल तो वायरिंग, एसी, रबरी सील आणि आसनांवर.