कार्यक्रम-नियोजन, नभोवाणी (सोलापूर)

नभोवाणी केंद्रावरून काय, केव्हा, किती वेळ आणि कोणाच्या आवाजात ऐकू यावे हे ठरवणे व ठरल्याप्रमाणे पार पाडणे, असे हे दुहेरी काम आहे. आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रात पहिला भाग मुख्यतः कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे, दुसरा प्रसारण अधिकारी व निवेदकांकडे असतो.

या कामाचा भारतातील आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील रेडिओ क्लबांनी १९२३-२४ च्या सुमारास केलेल्या हौशी प्रक्षेपणापासून तो धरता येतो. लायोनेल फील्डन हे बीबीसीतून १९३५ मध्ये प्रसारण नियंत्रक म्हणून आले, तेथपासून धरण्याकडेही कल दिसतो. क्लबांकडे उत्साह होता, पण नियोजनाची बांधीव पद्धत फारशी आढळत नाही. उलट फील्डन यांच्या आधीच, २३ जुलै १९२७ रोजी, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले होते आणि तिचे सरव्यवस्थापक एरिक डन्स्टन हेही बीबीसीतूनच आले होते. त्याच महिन्यात निघालेल्या ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ या नियतकालिकात कार्यक्रम आगाऊ छापले जात. गायक व वक्ते अगोदर नक्की केल्याशिवाय असे पत्रक छापता येत नाही. त्यामुळे १९२७ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. कंपनी १९३० मध्ये बंद पडून प्रसारण सरकारकडे गेले. छापील कार्यक्रमाची प्रथा मात्र टिकली आणि डिसेंबर १९३५ पासून ‘इंडियन लिसनर’ने ती पुढे चालवली.

भाषणे, मुलाखती व रूपके (एखाद्या विषयावर निवेदन, संवाद व संगीत गुंफून केलेले कार्यक्रम) यांचा तिमाही आराखडा आधी तयार होतो. कलावंत स्वरचाचणीतून निवडले जातात, त्यांना श्रेणी मिळते आणि करारपत्र पाठवले जाते. दिवसाच्या तक्त्यात सहक्षेपणाच्या (दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम त्याच वेळी ऐकवण्याच्या) जागा आधी भरायच्या, उरलेला वेळ स्थानिक कार्यक्रमांचा. पुण्याच्या प्रादेशिक बातम्या सकाळी ७.१० ला म्हणजे ७.१० लाच लागतात. त्याआधीचे भजन कितीही रंगलेले असो, ते आवरावे लागते. म्हणून क्यू शीटवर (निवेदकासाठीच्या सूचनापत्रकावर) ध्वनिमुद्रणाचा कालावधी मिनिट-सेकंदांत आणि सुरुवातीचे व शेवटचे शब्द लिहिलेले असतात. भाषण अर्धा मिनिट आधी संपले तर वाद्यसंगीताचा तुकडा लावतात. झालेली चूक लॉगबुकात उतरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत तिचा हिशेब होतो. बाहेरच्याला ही बैठक औपचारिक वाटेल; केंद्राची शिस्त बरीचशी तिच्यावरच उभी असते.

सोलापुरात या चौकटीला स्थानिक ताण पडतात. शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट व दक्षिण सोलापुराकडे कन्नड, शिवाय उर्दू, अशा श्रोतृवर्गाला मराठी केंद्राने किती वेळ द्यावा, हा प्रश्न मिनिटांच्या वाटणीत सहज सुटणारा नाही. शेतीचे गणितही निराळे. राज्यात अनेक ठिकाणी शेतकरी कार्यक्रमांचा भर जूनच्या पेरणीवर असतो. येथील मुख्य पीक रब्बी ज्वारी, पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरातली. त्यामुळे बीजप्रक्रिया, ओल टिकवणे अशा विषयांच्या तज्ज्ञांना भादव्याच्या आत बोलवावे लागते.

जानेवारीत सगळे एकदम येते. १२ जानेवारी हा चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन (मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना १९३१ मध्ये येरवड्यात फाशी झाली) आणि लगोलग संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. यात्रेतील अक्षता सोहळ्याचे (सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाचे) धावते वर्णन करायचे झाले, तर मिरवणुकीतील सात नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) सोहळ्याच्या जागी, संमती कट्ट्यावर, नेमके केव्हा पोहोचतील हे कोणताच तक्ता सांगू शकत नाही. समालोचकाला वेळ भरून काढता आली पाहिजे. कन्नड येत असेल तर उत्तमच. पंढरपूर याच जिल्ह्यात असल्याने आषाढीलाही आखणी वेगळी करावी लागते.

खासगी एफएम केंद्रांत गाण्यांचा क्रम बहुधा संगणकप्रणाली लावते व कार्यक्रमप्रमुख तो तपासतो. स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा त्यांना नाही. २०११ च्या धोरणानुसार आकाशवाणीचे वार्तापत्र जसेच्या तसे घेता येते. दूरदर्शनच्या मराठी वाहिनीचे कार्यक्रम मुंबईत ठरतात.