एकाच पातेल्यात लोकर आणि सूत

कांद्याची सालं उकळून गाळलेल्या पाण्यात दोन लड्या सोडायच्या, एक लोकरीची आणि एक सुताची. दोन्ही आधी तुरटीच्या पाण्यातून काढलेल्या. तासाभराने धुऊन पाहिलं तर लोकर पिवळीधमक, थोडी नारिंगीकडे झुकलेली निघते आणि सूत जेमतेम पिवळसर. पातेलं तेच, रंग तोच, आचही तीच. फरक सगळा धाग्याचा. धागा स्वतः रंगवून विणायचा ज्यांना छंद आहे, त्यांनी रंगाच्या पुड्या आणण्याआधी हा फरक नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. खानदेशात तर जास्तच, कारण इथे गावाबाहेर पाऊल टाकलं की कापूसच कापूस.

लोकर म्हणजे केराटिन हे प्रथिन, आपल्या केसांत आणि नखांत असतं तेच. त्याच्या साखळीवर ठिकठिकाणी अमिनो गट असतात. पाण्यात थोडं व्हिनेगर पडलं की ते धनभारित होतात. लोकरीसाठी मिळणाऱ्या ॲसिड रंगांचे रेणू ऋणभारित असतात, त्यामुळे ते लोकरीकडे ओढले जातात. पाणी तापत जातं तसा रंग धाग्यात शिरतो आणि शेवटी पातेल्यात जवळजवळ स्वच्छ पाणी उरतं. हे पहिल्यांदा पाहताना फार नवल वाटतं.

कापूस म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. त्याच्याकडे असा धनभार नाही, उलट पाण्यात त्याच्यावर किंचित ऋणभारच येतो. म्हणून जुन्या रंगाऱ्यांनी मधला दुवा शोधला. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका बाजूने धागा धरतं, दुसऱ्या बाजूने रंगाचा रेणू. लोकरीला एवढं पुरतं. १०० ग्रॅम लोकरीला १० ते १५ ग्रॅम तुरटी घ्यावी. सुतावर मात्र ॲल्युमिनियमही नीट बसत नाही, म्हणून सूत आधी हिरड्याच्या काढ्यात भिजवतात. हिरड्यातलं टॅनिन सुताला चिकटतं, टॅनिनला तुरटी आणि तुरटीला रंग. यासाठी लोखंडी कढई मात्र नको. लोह आणि टॅनिन एकत्र आले की काळपट रंग होतो, पूर्वी याच क्रियेने लिहायची शाई करत.

फैजपूर म्हटलं की १९३६ चं काँग्रेस अधिवेशन आठवतं. पण त्याआधी हे गाव सुती कापडावरची छपाई आणि गडद निळ्या-तांबड्या रंगांसाठी नावाजलेलं होतं, शेजारचं यावल निळीसाठी. तांबड्यासाठी त्या काळी आल नावाच्या झाडाची मुळं वापरत. त्यातलं रंगद्रव्य मॅडरच्या, म्हणजे मंजिष्ठाच्या युरोपीय भावंडाच्या, मुळांत असणाऱ्या अलिझरीन या तांबड्या रंगद्रव्याच्याच कुळातलं, त्यालाही तुरटी लागते. निळीची तऱ्हा अगदी वेगळी. ती पाण्यात विरघळतच नाही. अल्कलीयुक्त पाण्याच्या पिंपात तिचं क्षपण, म्हणजे ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया, केलं की ती पिवळट-हिरवी होऊन विरघळते आणि धाग्यात शिरते. लडी वर काढली की हवा लागते आणि हिरवट धागा डोळ्यांदेखत निळा होत जातो. धाग्याच्या आत पुन्हा न विरघळणारी झालेली नीळ मग बाहेर कशी पडणार? १८६८ मध्ये जर्मनीत अलिझरीन प्रयोगशाळेत तयार झालं, १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि वनस्पतींपासून रंग काढण्याचा धंदा देशभर बसला.

आज घरी सूत रंगवायचं तर १९५६ मध्ये बाजारात आलेले रिॲक्टिव्ह रंग सर्वांत सोपे. धुण्याचा सोडा घातला की रंगाचा रेणू सेल्युलोजशी थेट रासायनिक बंध जोडतो. काही प्रकारांना तर उकळीही लागत नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं. त्यातल्या कॅल्शियममुळे रंग डागळतो, म्हणून रंगवायला पावसाचं पाणी किंवा आरओचं पाणी वापरावं. हळद तुरटीशिवायही सुतावर चढते, पण उन्हात लवकर उडते आणि साबण लागला की लाल होते.

एक अडचण दुकानातच सुरू होते. ‘लोकर’ म्हणून जे गुंडे मिळतात, त्यांतले बहुतेक ॲक्रिलिक या कृत्रिम धाग्याचे असतात. त्यांच्यावर ना कांद्याची सालं चालतात ना ॲसिड रंग. ओळखायचं कसं? धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळावा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत आपोआप विझते आणि राख बोटांनी चुरडते. सुताला कागद जळल्याचा वास येतो. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याची कडक काळी गाठ होते. गाठ गरम असताना हात लावू नये. साक्रीकडच्या ठेलारींच्या मेंढ्यांची लोकर शंभर टक्के खरी, पण जाडीभरडी आणि बरीचशी काळी. ती घोंगडीचीच, तिच्यावर पिवळा रंग दिसायचा नाही.

खरी लोकर रंगवताना ढवळायचा मोह आवरावा. तिच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात घुसळलं की ते एकमेकांत अडकतात आणि लडी आटून तिचा नमदा होतो. आच हळूहळू वाढवावी, उकळी येऊ देऊ नये आणि लडी त्याच पाण्यात निवू द्यावी.

लडीचा अर्धा भाग एका रंगात आणि अर्धा दुसऱ्या रंगात बुडवला तर पुढची गंमत विणताना कळते, आणि ती निव्वळ गणिताची आहे. समजा लडीचा एक वेढा १२० सेंटीमीटरचा आहे. म्हणजे दर १२० सेंटीमीटरला तोच रंग परत येणार. एका टाक्याला दीड सेंटीमीटर धागा लागत असेल तर गोल सुयांवर ८० टाक्यांची कानटोपी विणताना प्रत्येक फेरीला बरोबर १२० सेंटीमीटर धागा जातो. रंगावर तोच रंग येऊन टोपीवर उभे पट्टे पडतात. ८२ टाके घातले की फेरीला १२३ सेंटीमीटर लागतात, रंग दर फेरीला दोन टाके सरकतो आणि पट्टा टोपीभोवती तिरका चढत जातो. हात थोडा घट्ट झाला तरी हिशेब बदलतो. एक सुई सुलट, एक सुई उलट असं सपाट विणताना धागा प्रत्येक ओळीला उलटा फिरतो, त्यामुळे कडेला एकाच रंगाचे ठिपके साचतात. ते नको असतील तर दोन लड्या घेऊन दर दोन सुयांनी धागा बदलत जावं.